कार्यालयीन दूरध्वनी आणि भ्रमणध्वनी यांचे एकत्रीकरण : उपकरणे, सेवा आणि नियमन यांचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

कार्यालयातील टेबलावरचा दूरध्वनी आणि कर्मचाऱ्याच्या खिशातील भ्रमणध्वनी ही दोन्ही यंत्रे एकाच माणसापर्यंत पोहोचण्यासाठी असतात. तरीही त्यांच्यामागे उभी असलेली दोन जाळी दीर्घकाळ परस्परांपासून अलिप्त राहिली. टेबलावरचा दूरध्वनी वाजत राहावा, आणि ज्याच्यासाठी तो वाजतो तो माणूस शेजारच्या इमारतीत भ्रमणध्वनी खिशात घेऊन बसलेला असावा, ही परिस्थिती १९९५ नंतरच्या भारतीय कार्यालयांत नित्याची होती. ही दोन जाळी जोडण्यासाठी कोणती उपकरणे व सेवा लागल्या, त्या केव्हा उपलब्ध झाल्या आणि उपलब्ध असूनही वापरात येण्यास इतका विलंब का लागला, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

भारतात तंत्रज्ञान उशिरा आले म्हणून हे एकत्रीकरण उशिरा झाले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. हे स्पष्टीकरण अपुरे आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. दोन जाळी जोडणारी पेटी प्रत्येक टप्प्यावर आधीच तयार होती. ती जोडण्याचा अधिकार कोणाचा आणि त्या जोडणीमुळे कोणाचे उत्पन्न बुडते, या प्रश्नांची उत्तरे मात्र तयार नव्हती.

कार्टर यांची पेटी

या इतिहासाचा आरंभ भ्रमणध्वनीच्या बऱ्याच आधी, अमेरिकेतील टेक्सास राज्यात होतो. मोटारीतून बोलता येईल अशी दूरध्वनी सेवा बेल कंपनीने १९४६ साली सेंट लुईस शहरात सुरू केली होती. परंतु तिची क्षमता अत्यंत तुटपुंजी होती. तेलाच्या विहिरींवर व दूरच्या कुरणांवर काम करणारे लोक त्यामुळे स्वतःचे द्विमार्गी रेडिओ संच वापरीत. कामावरचा माणूस रेडिओवरून आपल्या कार्यालयाशी बोलू शके, पण कार्यालयाबाहेरच्या कोणाशीही नाही. टॉमस कार्टर यांनी यावर ‘कार्टरफोन’ नावाचे उपकरण काढले. रेडिओच्या तळ-केंद्रावरील माणसाने दूरध्वनीचा नंबर फिरवायचा आणि रिसीव्हर त्या पेटीवरील खाचेत ठेवायचा. दूरध्वनीतून आवाज आला की पेटीतील मंडल रेडिओचा प्रक्षेपक आपोआप सुरू करी आणि आवाज थांबला की बंद करी. दूरध्वनीच्या तारेला कोठेही विद्युत जोडणी नव्हती. जोडणी होती ती केवळ ध्वनीची.

१९५९ ते १९६६ या काळात अशा सुमारे ३,५०० पेट्या विकल्या गेल्या. एटी अँड टी कंपनीच्या दरपत्रकात मात्र कंपनीने न पुरविलेले कोणतेही उपकरण आपल्या जाळ्याला जोडण्यास मनाई होती, आणि कार्टरफोन वापरणाऱ्या ग्राहकांना सेवा बंद करण्याचे इशारे मिळू लागले. प्रकरण न्यायालयातून फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनकडे गेले. जून १९६८ मध्ये आयोगाने ही मनाई अवाजवी ठरविली. जाळ्याला अपाय होत नसेल तर ग्राहकाला आपले उपकरण जोडता येईल, हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले.

दूरसंचाराच्या इतिहासग्रंथांत हा निर्णय मोडेम, फॅक्स आणि उत्तर नोंदविणाऱ्या यंत्रांचा मार्ग मोकळा करणारा म्हणून गौरविला जातो, आणि ते योग्यच आहे. परंतु मूळ खटला कार्यालयातील तारयुक्त दूरध्वनी आणि बाहेर फिरणाऱ्या माणसाचा बिनतारी संच एकत्र आणण्याविषयीचा होता, ही गोष्ट बहुधा विस्मरणात जाते. ज्या प्रश्नाला आपण एकविसाव्या शतकाचा समजतो, त्याचा पहिला मोठा वाद १९६० च्या दशकातच लढला गेला होता.

स्विचबोर्डपासून ईपीएबीएक्सपर्यंत

भारतात मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे दूरध्वनी केंद्रे सुरू झाली ती १८८२ साली, खासगी कंपनीच्या हाताने. १८८५ च्या भारतीय तार अधिनियमाने तार व तत्सम साधने उभारण्याचा अनन्य विशेषाधिकार सरकारकडे ठेवला, आणि १९४३ मध्ये या महानगरांतील दूरध्वनी व्यवस्थाही सरकारने ताब्यात घेतली. तेव्हापासून वायर, केंद्र आणि टेबलावरचे यंत्र हे सर्व खात्याचे झाले. ग्राहक हा केवळ वापरकर्ता होता.

मोठ्या कार्यालयांत खासगी शाखा-केंद्र, म्हणजे बोलीभाषेतील ‘बोर्ड’, असे. बाहेरून येणाऱ्या मोजक्या ट्रंक लाईन आणि आतील अनेक एक्स्टेन्शन यांच्यामध्ये ऑपरेटर बसलेली असे. बहुतेक ठिकाणी ती स्त्री असे. साहेब कोठे आहेत, केव्हा येतील, कोणाचा फोन जोडायचा आणि कोणाला ‘मीटिंगमध्ये आहेत’ असे सांगायचे, हे सर्व तिच्या स्मरणात असे. पुढे ‘प्रेझेन्स’ या नावाने संगणक-प्रणालीत जे वैशिष्ट्य विकले गेले, ते काम ती आधीपासून करीत होती. याचा उल्लेख तंत्रज्ञानाच्या इतिहासात क्वचितच सापडतो.

१९८४ हे वर्ष दोन कारणांनी महत्त्वाचे आहे. त्या वर्षी ग्राहकाकडील दूरध्वनी उपकरणांचे उत्पादन खासगी क्षेत्रास खुले झाले आणि ऑगस्टमध्ये सी-डॉट या संस्थेची स्थापना झाली. तीन वर्षांची मुदत आणि ३६ कोटी रुपये यांत भारतीय परिस्थितीला मानवेल असे अंकीय केंद्र तयार करण्याचे काम तिला देण्यात आले. धूळ, उष्णता व वातानुकूलनाचा अभाव सहन करणारे १२८ जोडण्यांचे ग्रामीण केंद्र ही तिची कीर्ती झालेली निर्मिती होय. परंतु त्याच तंत्रज्ञानावर आधारलेली ईपीएबीएक्स यंत्रे बनविण्याचे परवाने तिने खासगी उत्पादकांना दिले, आणि कार्यालयांच्या दृष्टीने ही घटना तितकीच मोलाची होती. बँका, कारखाने, रुग्णालये, महाविद्यालये यांच्या भिंतींवर ती करड्या रंगाची पेटी आली आणि बाहेरची लाईन घेण्यासाठी शून्य किंवा नऊ दाबण्याची सवय एका पिढीच्या बोटांना लागली. देशी उद्योगाच्या हाती कार्यालयीन दूरध्वनीचे तंत्र पहिल्यांदा आले ते असे. १९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणातच देशातील दूरध्वनी घनता शंभर व्यक्तींमागे सुमारे ०.८ असल्याचे नमूद आहे. ते पाहता ईपीएबीएक्स ही चैनीची वस्तू नव्हती. मिळालेल्या दोन-तीन लाईन चाळीस माणसांत वाटून घेण्याचे ते साधन होते.

दर आणि परवाने

३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीत केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी भ्रमणध्वनीवरून संभाषण केले. मुंबईत बीपीएल मोबाईल आणि हचिसन मॅक्स या दोन कंपन्यांना परवाने होते. गर्दीच्या वेळेचा कमाल दर मिनिटास १६ रुपये ८० पैसे होता आणि येणाऱ्या कॉललाही पैसे पडत. (‘भ्रमणध्वनी’ हा शब्द याच सुमारास लेखी मराठीत रूढ झाला; बोलण्यात मात्र तो कधी उतरला नाही.)

तारयुक्त सेवेचा परवाना निराळा, भ्रमणध्वनीचा निराळा आणि इंटरनेटचा निराळा, अशी ही रचना होती. त्यात एकत्रीकरण म्हणजे एका परवान्याच्या धारकाने दुसऱ्याच्या शेतात पाऊल टाकणे होय. जानेवारी २००१ मध्ये सरकारने तारयुक्त सेवेच्या कंपन्यांना ‘मर्यादित भ्रमणक्षमता’ असलेली बिनतारी सेवा देण्याची परवानगी दिली, तेव्हा नेमके हेच घडले. एका लघु-अंतर आकारणी क्षेत्रात फिरता येईल असा दूरध्वनी, तोही भ्रमणध्वनीपेक्षा स्वस्त! मुंबई-दिल्लीत एमटीएनएलची ‘गरुड’ सेवा या प्रकारची होती. जीएसएम कंपन्यांनी यास कडाडून विरोध केला. डिसेंबर २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे प्रकरण टीडीसॅट या न्यायाधिकरणाकडे परत पाठविले. ऑगस्ट २००३ मध्ये तेथे बहुमताने सरकारचा निर्णय कायम राहिला. नोव्हेंबर २००३ मध्ये एकीकृत अभिगम सेवा परवाना आला आणि तारयुक्त व भ्रमणध्वनी सेवांमधील परवान्याची भिंत पडली. कागदावर तरी एकत्रीकरण झाले.

कार्यालयाच्या आत मात्र दुसरीच घडामोड सुरू होती, आणि तिचे कारण दरांत होते. १ मे २००३ पासून ‘कॉल करणाऱ्याने पैसे द्यावेत’ ही पद्धत लागू झाली. भ्रमणध्वनीवर येणारे कॉल मोफत झाले. त्याची भरपाई म्हणून टेबलावरून भ्रमणध्वनीला केलेला कॉल महागला. ऑक्टोबर २००४ मध्ये देशातील भ्रमणध्वनी जोडण्यांची संख्या तारयुक्त जोडण्यांच्या पुढे गेली. कार्यालयातून बाहेर जाणारे अधिकाधिक कॉल आता महागड्या मार्गाने जाऊ लागले.

सिम घातलेली पेटी

यावर कार्यालयांनी जो तोडगा काढला, तो कार्टर यांच्या पेटीचा वंशज म्हणावा लागेल. जीएसएम गेटवे किंवा ‘फिक्स्ड सेल्युलर टर्मिनल’ या नावाने ओळखली जाणारी ही छोटी पेटी. तिच्यात सिम कार्ड घालायचे, वर ॲन्टेना लावायचा आणि मागच्या बाजूची तार ईपीएबीएक्सच्या ट्रंक पोर्टला जोडायची. पेटी त्या पोर्टला दूरध्वनी केंद्रासारखाच डायल टोन देते, म्हणून ईपीएबीएक्सला वाटते की ही आणखी एक बाहेरची लाईन आहे. मग यंत्रात ‘किमान खर्चाचा मार्ग’ या तत्त्वानुसार एक तक्ता भरायचा: फिरविलेला नंबर ९८ ने सुरू होत असेल तर कॉल या पेटीकडे न्यावा, अन्यथा नेहमीच्या लाईनवर. टेबलावर बसलेल्या लिपिकाला यातले काही कळत नसे. तो पूर्वीप्रमाणेच नंबर फिरवी; कॉल मात्र भ्रमणध्वनीवरून भ्रमणध्वनीकडे, स्वस्त दराने जाई.

ही पेटी किती काळ उपयुक्त राहिली हे पाहणे उद्बोधक आहे, कारण तिचे आयुष्य नियमनानेच ठरविले. आरंभी नंबराच्या पहिल्या काही अंकांवरून कंपनी ओळखता येई, म्हणून दोन-तीन कंपन्यांची सिम ठेवून ‘त्याच जाळ्यातला’ स्वस्त कॉल साधता येई. नोव्हेंबर २०१० मध्ये हरियाणात आणि २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर न बदलता कंपनी बदलण्याची सोय आली, आणि अंकांवरून कंपनी ओळखण्याचा आधारच गेला. तंत्रज्ञांनी काळजीपूर्वक भरलेले तक्ते हळूहळू खोटे ठरू लागले. पुढे २०१६ मध्ये जिओच्या आगमनानंतर व्हॉइस कॉलला स्वतंत्र किंमतच उरली नाही. १ जानेवारी २०२१ पासून भ्रमणध्वनी कंपन्यांमधील कॉल-समाप्ती शुल्कही शून्यावर आले. वाचवायलाच काही शिल्लक नसेल तर वाचविणारी पेटी कशाला?

याच पेटीचे एक काळे भावंड होते. परदेशांतून येणाऱ्या कॉलवर २००३ ते २००८ या काळात ‘अभिगम तूट शुल्क’ आकारले जाई. परदेशातील कॉल इंटरनेटमार्गे भारतात आणायचा, अनेक सिम असलेल्या पेटीतून तो स्थानिक कॉल म्हणून बाहेर सोडायचा आणि शुल्क बुडवायचे, असा अवैध व्यवसाय या काळात फोफावला. शुल्क गेल्यावरही तो पूर्णपणे थांबला नाही. उपकरण तत्त्वतः तेच होते. एका ठिकाणी ते कार्यालयाची काटकसर होते आणि दुसऱ्या ठिकाणी गुन्हा. सरकारी यंत्रणेच्या मनात कार्यालयीन जोडण्यांविषयी जो संशय पुढे दीर्घकाळ राहिला, त्याचे मूळ बऱ्याच अंशी येथे आहे.

ब्रिटनचा अनुभव

ब्रिटनमध्ये नियामक अनुकूल असतानाही यश सहज आले नाही. बीटी कंपनीने जून २००५ मध्ये ‘फ्यूजन’ ही सेवा सुरू केली: घरात असताना ब्लूटूथद्वारे तारयुक्त जाळ्यातून आणि बाहेर पडल्यावर भ्रमणध्वनीच्या जाळ्यातून बोलणारा एकच संच. काही वर्षांतच ती गुंडाळावी लागली. २००६ मध्ये ऑफकॉमने १८०० मेगाहर्ट्झ पट्ट्यातील कमी शक्तीचे १२ परवाने लिलावाने दिले. एखाद्या इमारतीपुरते खासगी भ्रमणध्वनी जाळे उभारून ते कार्यालयाच्या दूरध्वनी व्यवस्थेला जोडता यावे, असा त्याचा एक प्रमुख उपयोग अपेक्षित होता. कल्पना उत्तम होती, परंतु त्यातून मोठी बाजारपेठ उभी राहिली नाही. अर्थात नियमन मोकळे झाले म्हणजे सेवा रुजतेच असे नाही, एवढे या अनुभवावरून मान्य केले पाहिजे.

तार्किक विभाजन

दरम्यान कार्यालयीन यंत्राचे स्वरूपच पालटले होते. सिप या संकेतावलीचे १९९९ मधील पहिले आणि २००२ मधील सुधारित प्रमाण प्रसिद्ध झाल्यावर ईपीएबीएक्स ही पेटी न राहता संगणकावर चालणारी प्रणाली होऊ लागली. आता एक्स्टेन्शन म्हणजे भिंतीतून आलेली तार नव्हती. ती केवळ एक नोंद होती, आणि ती नोंद टेबलावरच्या यंत्राला, संगणकाला किंवा भ्रमणध्वनीला बांधता येत होती. ॲव्हाया, सिस्को आदी कंपन्यांनी एकाच नंबरवर टेबल व भ्रमणध्वनी एकदम वाजविण्याची सोय दिली. तिच्यात अडचणी होत्या. बाहेरून आलेला कॉल पुन्हा बाहेर भ्रमणध्वनीकडे पाठविताना एका संभाषणासाठी दोन ट्रंक वाहिन्या अडकून पडत. दुसऱ्या टप्प्याचे पैसे कार्यालयाला पडत. शिवाय बहुधा मूळ कॉल करणाऱ्याचा नंबर न दिसता कार्यालयाचाच नंबर भ्रमणध्वनीवर दिसे. तरीही सेवा उपलब्ध होती.

भारतात अडथळा होता तो अन्यत्र. १ एप्रिल २००२ पासून इंटरनेट दूरध्वनीला परवानगी मिळाली खरी, पण देशातील सार्वजनिक दूरध्वनी जाळ्याशी तो जोडण्यास मनाई कायम होती. एखाद्या कंपनीचे कार्यालय पुण्यात व शाखा दिल्लीत असेल आणि दोहोंमध्ये भाड्याची डेटा लाईन असेल, तर पुण्याच्या कर्मचाऱ्याने दिल्लीच्या सहकाऱ्याशी त्या लाईनवरून बोलण्यास हरकत नव्हती. मात्र तोच कॉल दिल्लीच्या ईपीएबीएक्समधून बाहेर पडून दिल्लीतील ग्राहकाच्या दूरध्वनीवर किंवा त्या सहकाऱ्याच्या भ्रमणध्वनीवर गेला, तर तो नियमभंग होई. कारण एसटीडीचे उत्पन्न त्यातून बुडत असे. म्हणून एकाच यंत्रात दोन भाग ‘तार्किक’ रीतीने विभक्त ठेवण्याची अट आली. सिस्कोसारख्या कंपनीला आपल्या प्रणालीत ‘लॉजिकल पार्टिशनिंग’ नावाचे खास वैशिष्ट्य घालावे लागले. दोन जाळी जोडण्यासाठी जन्मलेल्या यंत्राला ती न जोडण्यास शिकवावे लागले, आणि त्यासाठी ग्राहकाने पैसेही मोजले. कॉल सेंटर व तत्सम सेवादात्यांसाठी २००८ मध्ये आलेल्या अटींत सामाईक यंत्र वापरायचे तर नोंदणीबरोबर बँक हमीही द्यावी लागे.

महसुलाच्या जोडीला सुरक्षेचे कारण होते, आणि ते पोकळ नव्हते. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यात हल्लेखोरांचे सूत्रधार इंटरनेट दूरध्वनीद्वारे संपर्कात होते, हे तपासात उघड झाले. कॉल कोठून आला हे शोधता यावे ही यंत्रणांची मागणी त्यानंतर अधिक आग्रही झाली. परंतु एसटीडी आणि स्थानिक दरांतील तफावत जवळजवळ संपल्यानंतरही विभाजनाची अट तशीच राहिली. हे केवळ सुरक्षेने समजावता येत नाही. नियम आपल्या कारणापेक्षा अधिक काळ जगतात. प्रशासनाच्या अभ्यासकांना यात नवल वाटू नये.

बदल घडला तो टप्प्याटप्प्याने. ट्रायने ऑक्टोबर २०१७ मध्ये केलेल्या शिफारशींनंतर २०१८ मध्ये इंटरनेट दूरध्वनी सार्वजनिक जाळ्याशी जोडण्यास मार्ग मोकळा झाला. त्याच वर्षी बीएसएनएलने ‘विंग्स’ ही सेवा जाहीर केली. डिसेंबर २०१९ मध्ये एअरटेलने आणि जानेवारी २०२० मध्ये जिओने वाय-फायवरून नेहमीच्या नंबरने बोलण्याची सोय दिली. निर्णायक धक्का मात्र मार्च २०२० च्या टाळेबंदीने दिला. हजारो कर्मचारी घरी बसल्यावर एक्स्टेन्शन घरी नेण्यावाचून गत्यंतर नव्हते, आणि सवलती तातडीने द्याव्या लागल्या. ५ नोव्हेंबर २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनी या सेवादात्यांची नोंदणी व बँक हमी रद्द केली. २३ जून २०२१ च्या सुधारणेने देशांतर्गत व आंतरराष्ट्रीय केंद्रांतील भेद काढून टाकला आणि त्यांचे ईपीएबीएक्स जगात कोठेही असू शकेल असे मान्य केले. पंधरा-वीस वर्षे जे तत्त्वाचे म्हणून सांगितले गेले, ते पंधरा महिन्यांत गेले.

जुन्या जाळ्याने या काळात एक लहानसा सूड उगवला, असे गमतीने म्हणता येईल. १५ जानेवारी २०२१ पासून तारयुक्त दूरध्वनीवरून भ्रमणध्वनीला कॉल करताना आधी शून्य लावणे सक्तीचे झाले. ज्या कार्यालयांत बाहेरची लाईन शून्यानेच मिळते, तेथे दोन शून्ये दाबावी लागू लागली, आणि ईपीएबीएक्सच्या तंत्रज्ञाला बऱ्याच वर्षांनी पुन्हा बोलावणे आले.

खर्च कोणाचा, नंबर कोणाचा

या सर्व घडामोडी मोठ्या कंपन्यांच्या झाल्या. लहान कार्यालये, शाळा, महाविद्यालये, सहकारी संस्था यांनी ना एकनंबरी प्रणाली विकत घेतली ना तार्किक विभाजन. सरकारी व सार्वजनिक संस्थांनी बंद वापरकर्ता गट, म्हणजे सीयूजी योजना घेतल्या. भारतीय रेल्वेचे स्वतःचे स्वतंत्र दूरध्वनी जाळे असतानाही तिचे कर्मचारी एअरटेलच्या आणि १ जानेवारी २०१९ पासून जिओच्या सीयूजी जोडण्या वापरू लागले. येथे निदान जोडणीचा खर्च संस्थेकडे होता. बाकी ठिकाणी एकत्रीकरण झाले ते कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या भ्रमणध्वनीवर. प्रवेशाच्या दिवसांत महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर लिपिकाचा खासगी नंबर लावला जातो. विभागप्रमुखांचा नंबर माहितीपुस्तिकेत छापला जातो. व्हॉट्सॲप गट त्याच नंबरवर चालतो. संच त्याचा, रिचार्ज त्याचे, आणि निवृत्तीनंतर चार वर्षांनीही ‘फॉर्म कधी सुटणार’ म्हणून विचारणारे फोन त्यालाच येतात. सिम, ट्रंक पोर्ट, सिप, गेटवे यांवर जी चर्चा झाली, तीत या व्यवस्थेला कोठेही स्थान नव्हते, कारण तिच्यासाठी कोणतेही उपकरण विकत घ्यावे लागले नाही आणि कोणाचाही परवाना लागला नाही.

स्विचबोर्डवरील ऑपरेटर ‘साहेब नाहीत’ असे सांगू शकत होती. तिची जागा यंत्राने घेतल्यावर ते सांगण्याची जबाबदारी ज्याच्या खिशात संच आहे त्याच्यावर आली, आणि कनिष्ठ कर्मचाऱ्याला ते सांगणे परवडत नाही. फ्रान्समध्ये कामाच्या वेळेबाहेर संपर्कमुक्त राहण्याच्या हक्काची तरतूद १ जानेवारी २०१७ पासून अमलात आली. भारतात याच आशयाचे खासगी विधेयक बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी डिसेंबर २०१८ मध्ये लोकसभेत मांडले. सोळावी लोकसभा विसर्जित झाल्यावर ते व्यपगत झाले, आणि डिसेंबर २०२५ मध्ये त्यांनी ते नव्याने मांडले. डिसेंबर २०२३ मध्ये संसदेने १८८५ च्या तार अधिनियमाऐवजी नवा दूरसंचार अधिनियम संमत केला. त्यात परवाने, वर्णपट, अधिकार आणि सुरक्षा यांचा तपशीलवार विचार आहे. कार्यालयाचे काम खासगी नंबरवरून करून घेणाऱ्या संस्थेने त्या नंबराचे काय देणे लागते, हा विषय मात्र त्या अधिनियमाच्या कक्षेत येत नाही. बहुतेक संस्थांच्या सेवानियमांतही तो अद्याप आलेला नाही.